तेलाचा हात आणि पाण्याचा थेंब

मित्रांनो, पापड दाबून करायचं छोटं यंत्र तुमच्या घरात कुठल्यातरी फळीवर पडलेलं असेल. दोन गोल ताटल्या आणि एक दांडा. मध्ये पिठाची गोळी ठेवायची, दांडा दाबायचा, की पापड तयार. मी त्या यंत्राची थोरली बहीण आहे. लोक मला हॉट प्रेस म्हणतात. माझ्या दोन्ही प्लेटा पोलादाच्या आहेत, त्या तव्यासारख्या तापतात, आणि दांड्याच्या जागी पाठीमागच्या पंपावर चालणारा जाडजूड खांब आहे. अंगानं मी थोराड. मला हलवायचं म्हटलं की माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पण स्वभावानं मी गरीब आहे. मला दोनच कामं येतात, तापायचं आणि दाबायचं. तेवढ्यावर माझं आयुष्य निघालं आणि खरं सांगायचं तर फार छान निघालं.

माझा जन्म सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात झाला. रंग वाळायच्या आत मला शिरवळला धाडलं. तिथं हायवेच्या कडेला एका कारखान्यात मी विजेच्या मीटरवरच्या राखाडी पेट्या दाबत असे. पावसात भिजूनही न गंजणाऱ्या त्या पेट्या तुम्ही भिंतींवर बघता ना, त्यातल्या कित्येक माझ्या हातच्या. लालासाहेब नावाचा कामगार मला चालवायचा. सकाळी आल्या आल्या तो आपला डबा माझ्या पाठीशी टेकवून ठेवायचा, म्हणजे जेवायच्या वेळी भाकरी कोमट मिळायची. साहेब लोक पाहुण्यांना घेऊन आले की आधी माझ्यापाशी थांबायचे. मीही तेव्हा जरा फुगूनच उभी असायचे.

मग नवी, आपली आपण चालणारी यंत्रं आली. मला बाहेर पत्र्याखाली उभं केलं. एकदा एका मांजरीनं माझ्या खालच्या प्लेटवर पिल्लं घातली. चिमुकली, आंधळी, सारखी वळवळणारी. आयुष्यभर जे मिळेल ते दाबून सपाट करणाऱ्या मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, बरं झालं बाई, वीज तोडली ते.

पिल्लं मोठी होऊन पांगली आणि मला गिऱ्हाईक आलं. कराडचं एक इंजिनिअरिंग कॉलेज. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढं एक घोटाळा आहे आणि घरातली गोष्ट चारचौघांत नावानिशी सांगू नये. ट्रकमधून खंबाटकीचा घाट ओलांडून मी इकडं आले. पहिली दोन-चार वर्षं मुलांना माझ्यावर रबराच्या चकत्या करून दाखवल्या. पुढं तेही थांबलं आणि माझ्या अंगावर निळी ताडपत्री चढली.

त्या ताडपत्रीच्या दिवसांत मला जपलं ते आकाराम मामांनी.

आकाराम मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. त्याआधी ते फौजेत होते, तोफा आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. फौज सुटली तरी मामांची शिस्त सुटली नव्हती. इस्त्रीचा शर्ट, मिशीला पीळ, आणि खिशात कायम एक मऊ फडकं. आमचं कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं. नदीवरून दमट हवा येते आणि लोखंडावर तांबूस पुटं चढतात. मामा रोज संध्याकाळी ताडपत्री उचलायचे, रायफलीला लावतात तसलं पातळ तेल फडक्यावर घ्यायचे आणि मला डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढायचे. खांब पुसायचे, मळसूत्रं पुसायचे, आणि त्याच हातानं दोन्ही प्लेटासुद्धा. प्लेटांवर क्रोमचा थर आहे, त्यांना गंज चढत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मायेनं तेल लावणाऱ्याला इथं नको, तिथं लाव, असं कुणी सांगतं का? मी आपली डोळे मिटून सुख घेत होते.

एका दसऱ्यानंतर कॉलेजच्या फळ्यावर एक जाहिरात लागली. प्रगत संमिश्र आणि बहुवारिक पदार्थांवर पीएच.डी. करायची संधी, पाठ्यवृत्तीसह, जागा एक. मित्रांनो, शब्द ऐकून घाबरू नका. मातीच्या भिंतीसाठी चिखलात काड मिसळतात ना, नुसता चिखल तडकतो, नुसतं काड उडून जातं, पण दोन्ही मिळून भिंत उभी राहते. त्यालाच संमिश्र पदार्थ म्हणायचं. आणि बहुवारिक म्हणजे पॉलिमर. प्लॅस्टिक, रबर, रेझिन ही सगळी त्यातलीच मंडळी. त्या एका जागेसाठी माझी ताडपत्री निघाली, कारण जागा देणाऱ्या राजनंदिनी मॅडमना संशोधनासाठी हॉट प्रेस हवी होती आणि नवी घ्यायची ऐपत खात्याला नव्हती.

मुलाखती प्रयोगशाळेतच झाल्या. मॅडम प्रत्येकाला माझ्यापुढं उभं करायच्या आणि काही विचारायचं असेल तर विचार म्हणायच्या. एकानं माझं जन्मवर्ष विचारलं आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्यानं परदेशी यंत्र कधी येणार ते विचारलं. मग एक सडपातळ मुलगी आली. तिनं माझ्या प्लेटवर तळहात ठेवला आणि विचारलं, की ही सगळीकडं सारखी तापते, की एखादा कोपरा मागं राहतो?

मॅडम मामांकडं वळल्या. दाराशी उभे असलेले मामा म्हणाले, डावा कोपरा जरा आळशी आहे. मुलगी हसली. तिच्या घरचा तवाही तसाच होता म्हणे.

ती ब्राह्मी. जागा तिलाच मिळाली.

ब्राह्मी तासगावची. वडील शांतिनाथ यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. जैनांचं घर, साधं आणि हिशेबी. शांतिनाथ अण्णा मुलीला सोडायला आले तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळून घेतलं, जशी बैलजोडी न्याहाळावी तशी. मुलगी एकुलती एक. एवढा पसारा पुढं तिनंच बघावा असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. जागेचा नियम असा होता, की वर्षाअखेर बाहेरची समिती येऊन काम तपासेल. काम पटलं तर पीएच.डी. पुढं चालू, नाही पटलं तर जागा रद्द. अण्णांनी तोच नियम उचलला.

"वरीसभर तुझ्या मनासारखं कर," ते मुलीला म्हणाले. "समितीनं व्हय म्हटलं तर मी पुन्हा शेडचं नाव काढणार न्हाई. न्हाई म्हटली, तर बेदाणा हायच."

ब्राह्मीनं मान डोलावली. तिला शेड आवडत नव्हतं असं नाही. पण तिच्या डोक्यात बागेतला लोखंडी खांब होता. वेल धरून ठेवणारे ते खांब फवारणीच्या पाण्यानं गंजतात, बुडाशी कुजतात आणि ऐन घड लगडलेले असताना एखादा मोडून पडतो. तिला गंजणार नाही असा हलका खांब करायचा होता, उसाच्या चिपाडाचा. रस काढून झाला की जे चिपाड कारखाने जाळून टाकतात, त्याचे धागे आणि ते घट्ट धरून ठेवणारं चिकट रेझिन यांचा खांब. ऊस आमच्या साताऱ्याचा, द्राक्षं सांगलीची, आणि दोघांची सोयरीक लावायचं काम माझ्याकडं आलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ज्या वयात यंत्रं भंगारात जातात त्या वयात मला नवं काम शिकायला मिळालं.

काम असं होतं. चिपाडाचे धागे आणि रेझिन माझ्या प्लेटांमध्ये पसरायचं, तापवून दाबायचं, की पातळ, गुळगुळीत पत्रा निघायचा. एकदम जाड खांब काढता येत नव्हता, जाड भाकरी जशी आतून कच्ची राहते तसं व्हायचं. म्हणून पातळ पत्रे काढायचे आणि ते एकावर एक चिकटवून जाड फळी करायची. मग ती फळी शेजारच्या खोलीतल्या चाचणी यंत्रावर वाकवून मोडायची. फळी कुठं मोडते यावर सगळं होतं. पत्रा स्वतः तुटला तर ठीक, म्हणजे जोड पक्का. पण जोड सुटून पत्रे वेगळे झाले तर फळी कुचकामी.

ब्राह्मीच्या फळ्यांचे जोड सुटत होते. पराठ्याचे पदर सुटावेत तसे.

कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. संध्याकाळी मामांनी प्लेटांवर लावलेलं तेल सकाळी तापून पत्र्याच्या अंगाला लागत होतं. तेलकट अंगाला गोंद कसा धरणार? ब्राह्मी चिकटवण्याआधी पत्रा काचकागदानं खरवडायची, पण तेल पुसल्याशिवाय खरवडलं की ते आणखी आत मुरतं. आणि मामा यायचे ते ब्राह्मी गेल्यावर. ती जैन घरची, सूर्य मावळायच्या आत जेवणारी, त्यामुळं उन्हं कलली की वसतिगृहावर पळायची. मामा तिच्यानंतर ताडपत्रीचा कोपरा उचलायचे. दोघंही माझ्यावर जीव टाकत होते आणि दोघांनाही एकमेकांचं काम दिसत नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण माझ्या तोंडातून फक्त वाफ निघते.

मध्येच एक आठवडा सोन्यासारखा गेला. मामा गावच्या जत्रेला सुट्टी काढून गेले. त्या आठवड्याच्या शेवटी शेवटी काढलेल्या पत्र्यांचे जोड असे बसले, की मॅडम स्वतः चाचणी यंत्राकडं धावत गेल्या. ब्राह्मीनं घरी फोन करून सांगितलं. मग मामा परतले. माझं आठवडाभर तेल चुकलं म्हणून बिचाऱ्यांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी दुप्पट तेल लावलं. शिवाय ब्राह्मीसाठी साताऱ्याचे कंदी पेढे आणले होते. तिनं पेढे खाल्ले, पत्रे काढले, आणि पत्रे पुन्हा सुटले.

नेमका तेव्हाच पाऊस सुरू झाला होता, म्हणून सगळा आळ पावसावर गेला. मॅडम म्हणाल्या, चिपाडात ओल राहत असेल. ब्राह्मीनं चिपाड दोनदा वाळवलं. मग रेझिन बदललं. मग गोंद बदलला. मग, मित्रांनो, माझी पाळी आली. एके दिवशी आणखी एक फळी सुटली तेव्हा तिनं पत्रा टेबलावर टाकला आणि म्हणाली, "हीच म्हातारी थकली असंल. हिचा दाबच पुरत नसंल."

मला लागलं ते. माझा दाब शिरवळला होता तेवढाच आजही आहे. पण पोरीचा चेहरा बघून मी ते मनावर घेतलं नाही. समिती दसऱ्याच्या आधी येणार होती. मॅडमनी हळूच सुचवलंही, की अहवालात यंत्र जुनं असल्याचं लिहून ठेवू. तासगावहून अण्णांचा फोन आला की ब्राह्मी "बघतेय" एवढंच म्हणायची. अण्णा तिकडून "बरं" म्हणून फोन ठेवायचे. त्या "बरं"ची तिला जास्त धास्ती होती.

भाद्रपदात गणपती बसले आणि तिचं, म्हणजे जैनांचं, दहा दिवसांचं दशलक्षण पर्वही सुरू झालं. त्या दिवसांत ती एकदाच जेवायची आणि उकळून गाळलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत घेऊन यायची. तोंड सुकलेलं, पण कामावर नेमानं हजर. पर्व संपल्यानंतरची सकाळ. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीची मिरवणूक निघाली होती, अर्ध्या कॉलेजचे घसे बसलेले, बाहेर सगळं निवांत. ब्राह्मीनं माझ्यातून एक पत्रा काढला, तो गार होईपर्यंत बाटली उघडून पाणी प्यायली आणि दोन-चार थेंब पत्र्यावर सांडले.

ती पुसायला गेली आणि थांबली.

थेंब पसरले नव्हते. मण्यांसारखे गोल गोल उभे होते. तिनं पत्रा तिरका केला, तर मणी गडगडत काठाकडं गेले.

आता हे बघून इतरांना काही वाटलं नसतं. पण ती बेदाण्याच्या शेडात वाढलेली मुलगी. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. त्यावर पाणी टाका, असंच गोल उभं राहतं. तो थर असेपर्यंत आतलं पाणी लवकर सुटत नाही आणि बेदाणा वाळायला फार वेळ घेतो. म्हणून शेडात द्राक्षं आधी खाराच्या द्रावणात बुडवून काढतात, म्हणजे मेण सुटतं आणि सालीवर पाणी पसरतं. लहानपणी घडांवर पाणी शिंपडून, नीट बुडवलेला घड कुठला आणि अर्धवट कुठला, हे ओळखायचा खेळ तिनं किती वेळा खेळला असेल.

"ह्याच्यावर कायतरी हाय," ती स्वतःशीच म्हणाली.

तिनं पत्रा मधून कापला आणि कापलेल्या कडेवर थेंब सोडला. तो झटकन जिरला. म्हणजे पत्रा चांगला होता, दोष फक्त अंगावर होता. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी श्वास रोखला, म्हणजे यंत्राला रोखता येतो तेवढा. माझी खालची प्लेट निवली होती. तिनं तिच्यावर थेंब टाकला. गोल मणी. तिनं बोट फिरवून वास घेतला, डोळे बारीक केले, आणि नेमके त्याच वेळी आकाराम मामा दारातून आत आले. मिरवणुकीच्या गडबडीत आदल्या संध्याकाळी तेल लावायचं राहून गेलं होतं, ते आता लावून टाकू म्हणून हातात फडकं आणि बाटली घेऊनच आले होते.

ब्राह्मीनं बाटलीकडं बघितलं. मामांनी ब्राह्मीकडं बघितलं. तिनं एक थेंब पत्र्यावर टाकून दाखवला आणि एक कापलेल्या कडेवर. फौजेच्या वर्कशॉपात रंग देण्याआधी पत्रा पुसून तेल का काढतात, हे मामांनी शेकडो नव्या पोरांना शिकवलं होतं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते स्टुलावर बसले. हातातलं फडकं त्यांनी खिशात घालायचा प्रयत्न केला, ते खिशात जाईना.

"म्हंजी वरीसभर मीच तुजं काम मोडत हुतो, ताई," ते म्हणाले. "आन् तुला वाटत हुतं पाऊस हाय. मला माफ कर बाळ."

मित्रांनो, तो दिवस क्षमावणीचा होता. पर्व संपलं की जैन माणसं त्या दिवशी लहानथोर सगळ्यांना हात जोडून क्षमा मागतात. ब्राह्मी सकाळपासून तेच करत आली होती, मैत्रिणींना, मॅडमना, गेटवरच्या वॉचमनला. ती मामांच्या पुढं आली आणि तिनंच हात जोडले.

"आज मागायचा दिवस माझा हाय, मामा. तुमच्या तेलाशिवाय हिचा खांब कवाच गंजून गेला असता. मग मी कशावर काम केलं असतं? मी सकाळी येत हुते, संध्याकाळी जात हुते, हिची देखभाल कोण करतंय ते एकदा तरी विचारायचं हुतं. विचारलं न्हाई. उत्तम क्षमा."

आणि मग ती माझ्याकडं वळली. तेलकट प्लेटवर दोन्ही तळहात ठेवून मला म्हणाली, "तुलाबी. तुला म्हातारी म्हटलं, थकलेली म्हटलं. उत्तम क्षमा."

माझ्या उभ्या आयुष्यात माझं कौतुक पुष्कळ झालं, शिव्याही भरपूर खाल्ल्या, पण माफी माझी कुणी कधी मागितली नव्हती. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी माझा आळशी कोपरासुद्धा इतरांच्या बरोबरीनं तापला. निदान मला तरी तसं वाटलं.

पुढचे काही दिवस मात्र मामा माझ्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत. झाडलोट करताना मला वळसा घालून जायचे. हात लावला की काहीतरी बिघडेल अशी धास्ती त्यांनी घेतली होती. तेल नव्हतं याचं मला दुःख नव्हतं, पण तो हात नव्हता. ब्राह्मीच्याही ते लक्षात आलं. तिनं धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी केलं, मामांना बोलावलं आणि सांगितलं, की रोज सकाळी प्लेटा या पाण्यानं धुवायच्या, साध्या पाण्यानं पुसून काढायच्या आणि वर थेंब टाकून बघायचा. थेंब पसरला तरच काम सुरू. थेंब उभा राहिला तर ब्राह्मी असो, मॅडम असोत, कुणालाही पत्रा काढू द्यायचा नाही. खांब आणि मळसूत्रांना तेल पूर्वीसारखंच.

मामांना हुकूम मिळाला. हुकूम मिळाला की फौजी माणूस ताठ होतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थेंब टाकला, खाली वाकून एका डोळ्यानं तपासला आणि मॅडमना सांगितलं, "एक कोपरा राहिलाय. थांबा जरा." मॅडम खात्याच्या प्रमुख असूनही मुकाट थांबल्या.

आता पत्रे असे निघू लागले, की ओल्या बोटानं शिवलं तरी पाणी पसरावं. ब्राह्मीनं ते चिकटवले. समिती आली त्या सकाळी शांतिनाथ अण्णाही आले. त्यांच्याकडं बेदाण्याची पेटी होती. निकाल काहीही लागो, पोरीला गोड घेऊन जायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. ते बाहेर बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसले. समितीतले दोघे गृहस्थ फार गंभीर. फळी चाचणी यंत्रावर चढली. मधली भिंत अर्धीच होती, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. यंत्र घुमू लागलं. फळी वाकली असणार, कारण खुर्च्या पुढं सरकल्या. मामा माझ्या खांबाला धरून उभे होते. तेलकट खांब, त्यांचा हात सारखा घसरत होता.

मग मोठ्यानं कडाड असा आवाज झाला.

वर्षभर जोड सुटल्याचा आवाज मी ऐकला होता, तो फुसका असायचा, पाकीट फोडल्यासारखा. हा तो नव्हता. समितीतल्या एकानं तुकडे हातात घेऊन उलटेपालटे केले आणि म्हणाला, की जोड जसाच्या तसा आहे, मोडलाय तो पत्रा. दुसऱ्यानं विचारलं, की अडचण नेमकी कुठं होती? ब्राह्मीनं सगळं सांगितलं. यंत्र जुनं असल्याचं कारण तिनं दिलं नाही. तेल तिच्या ध्यानात आलं नव्हतं, हेच सांगितलं, आणि थेंबाची परीक्षा ती बेदाण्याच्या शेडात शिकली, हेही. समितीतल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि पीएच.डी. पुढं चालू ठेवायला होकार दिला.

बाहेर बाकावर अण्णांनी ते ऐकलं. ते आत आले, पेटी उघडली आणि सगळ्यांना मूठ मूठ बेदाणा दिला. मामांना दोन मुठी. मग मोडलेला तुकडा उचलून त्यांनी वजन अजमावलं.

"मी म्हणत हुतो, न्हाई जमलं तर बेदाणा हाय," ते मुलीला म्हणाले. "पर बेदाण्यानंच जमलं म्हणायचं. पैला खांब आपल्या बागेत, बरं का. शेडचं नाव मी आता काढत न्हाई."

"मी काढीन की, अण्णा," ब्राह्मी म्हणाली. "बागेशिवाय माझे खांब तपासायचे कुठं?"

अण्णांनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि इथं वास फार येतो बुवा रेझिनचा, असं म्हणाले. त्या दिवशी रेझिन कुणी उघडलंच नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी शेतकरी औजारं पुजतात, फौजी हत्यारं पुजतात, आणि कॉलेजात यंत्रं पुजतात. मामा न्हाऊन, कोरा शर्ट घालून झेंडूची माळ घेऊन आले. मागच्या खंडेनवमीपर्यंत ते हळद-कुंकू थेट माझ्या प्लेटांवर लावायचे, मधोमध, ठसठशीत पाच बोटं. यंदा त्यांनी कुंकवात बोट बुडवलं, हात पुढं आणला आणि तो मध्येच थांबवला. ब्राह्मी दारात उभी होती, पण त्यांनी तिला विचारलं नाही. ते माझ्याकडंच बघत होते.

"सांग म्हातारे," ते म्हणाले. "कुटं लावू?"

मला सांगता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. थोडा विचार करून त्यांनी बोट माझ्या खांबाच्या माथ्यावर टेकवलं, जिथं कुठलाही पत्रा कधी शिवत नाही. अगदी बरोबर जागा.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूंनी गोष्ट संपवताना म्हणायची रीत आहे, की आमची काळजी घ्या. तुम्ही काळजी घेताच, मला ठाऊक आहे. माझी तर इतकी घेतली गेली, की एका पोरीचं वर्ष वाया जाता जाता वाचलं. म्हणून माझं मागणं थोडं वेगळं आहे. यंत्र असो, झाड असो, मांजराचं पिल्लू असो, नाहीतर घरातलं माणूस असो, माया जरूर करा, भरभरून करा. फक्त हात लावण्याआधी, कुंकवाचं बोट क्षणभर हवेत थांबवून, एवढं विचारा, "कुटं लावू?"